दाढेचा आधार

विद्वांस सरांनी लाल पेनाचं टोपण दातात धरलं आणि तळटीप क्रमांक एकोणीसवर आडवी रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी पट्टी वापरली. सर कुठलंही काम पद्धतशीर करत.

"हे काय आहे?"

"आधार आहे, सर," जमुना म्हणाली.

"मी वाचतो. 'ठमी, वय सुमारे ऐंशी, यांनी स्वतःच्या दाढेविषयी दिलेली माहिती.' जमुनाबाई, संशोधनात दाढ हा आधार होत नाही."

"पण सर, दाढ त्यांचीच होती."

"म्हणूनच. ज्याची दाढ, तो तटस्थ कसा राहील?"

जमुनाने कपाटाकडे पाहिलं. पालघरच्या कॉलेजातल्या सरांच्या त्या खोलीत उत्तरं नेहमी कपाटातून निघत. कपाटात सरांच्या स्वतःच्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या होत्या. सरांचा नियम साधा होता: एखादी गोष्ट तीन ठिकाणी छापलेली सापडली की ती खरी.

"छापील आणा," सर म्हणाले. "पान क्रमांकासकट. नाहीतर हे प्रकरण बदला. दोन्ही जमणार नसेल, तर माझी सही विसरा."

सही विसरणं जमुनाला परवडणारं नव्हतं. बोईसरच्या ज्युनियर कॉलेजात ती तासावर शिकवत होती. या वर्षी एम. फिल. झालं तर ती कायम होणार होती, नाहीतर तिच्या जागेसाठी दुसरी बाई हेरून ठेवलेली होती. कारखान्यात काम करून वर्गात बसणाऱ्या पोरांनाही ते ठाऊक होतं. ती तिला 'टेम्पररी मॅडम' म्हणत, प्रेमानेच.

प्रबंधिकेचा विषय होता मच्छीमार वस्त्यांमधल्या प्रथा, आणि अडचणीचं प्रकरण तिच्या स्वतःच्या वाडीचं होतं. वाडी सातपाटीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. नकाशात ती नव्हती, पण सरांच्या ग्रंथात होती, आणि तेवढ्याने तिचं भागत असे. पावसाचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, वाडीची पहिली होडी समुद्रात जाते, तेव्हा त्या होडीच्या तांडेलाची, म्हणजे नाखव्याची, थोरली अविवाहित मुलगी किनाऱ्यावर पालथ्या टोपलीवर बसते. समुद्राकडे पाठ, गालात सुपारी. होडी परत येईपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर होडीवर संकट येतं. 'सागराच्या रुद्र रूपापुढे कुमारिकेचे आदिम मौन', असं सरांनी त्यावर लिहिलं होतं. हे वाक्य विद्यापीठाच्या परीक्षेत दोनदा आलं.

ठमीआजीने, म्हणजे जमुनाच्या आजोबांच्या बहिणीने, हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

"माजी दाढ दुखत व्हती गो. वारा लागला का ठणका उठं, म्हनून दर्याकडं पाठ केली. गालात लवंग. बोलनार कशी? तेवढ्यात तो मासळीची पाहनी करनारा सायब आला. इचारतो, ही पोर अशी का बसली? माजा भाव लय मस्कऱ्या. बोलला, सायब, हा आमचा रिवाज हाय."

"मग लवंगेची सुपारी कशी झाली?"

"लवंग म्हंजे औशद. रिवाजाला सुपारीच शोबते. भावाला अक्कल व्हती."

साहेबाने ते लिहून नेलं आणि इंग्रजीत छापलं. ते पान वाचून कित्येक वर्षांनी तरुण विद्वांस सर वाडीत आले आणि म्हणाले, प्रथा बघायची आहे. वाडीत कोणाला प्रथा माहीत नव्हती. पण माणूस पालघरहून चिखल तुडवत आलेला. त्याला नुसता चहा पाजून परत कसं पाठवायचं? आजोबांना मस्करी आठवली. त्यांनी एका पुतणीला टोपलीवर बसवलं. पुढच्या वर्षी सर विद्यार्थी घेऊन आले. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी अधिकारी आले आणि त्यांची जीप रुतली, म्हणून वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला.

मग एका वर्षी टोपलीवर बसायची पाळी मंगळीवर आली. मंगळी जमुनाच्या बरोबरीची. पाहुण्यांपैकी एकाचा बूट चिखलात राहिला आणि तो एका पायावर उड्या मारत बुटाला हाका मारू लागला. मंगळी हसली. सुपारी वाळूत पडली. त्याच फेरीत तिच्या भावाची दोन बोटं दोरात सापडून तुटली. तेव्हापासून मंगळीला कोणी हळदीला बोलावत नाही. नवी होडी पाण्यात ढकलायची असली की तिला आधी घरात जायला सांगतात. रागाने नाही, समजुतीने सांगतात.

"तू लिव ना कुटंतरी," मंगळी तिला एकदा बोंबील निवडताना म्हणाली होती. "का ती नुसती दाढ व्हती. आमी बोललो तर कोन मानत नाय. छापलेलं मानतात."

म्हणून जमुना मुंबईच्या ग्रंथालयांत सुट्टीभर बसली. तिला आधार भरपूर सापडले. एक लेख सरांच्या ग्रंथावर उभा होता. एक प्रबंध त्या लेखावर उभा होता. सरांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या प्रबंधाचा हवाला होता. सगळ्यांच्या तळाशी साहेब होता, आणि साहेबाच्या तळटिपेत लिहिलं होतं: 'एका विश्वासू स्थानिकाकडून.'

श्रावणात सरांनी निरोप धाडला. कोल्हापूरच्या डॉ. कोरगावकरबाई बहिःस्थ परीक्षक म्हणून नेमल्या गेल्या आहेत, त्यांना प्रथा प्रत्यक्ष दाखवायची आहे. या वर्षीची पहिली होडी भगवंत तांडेलाची. भगवंत तांडेल म्हणजे जमुनाचा बाप.

"बा, ती ठमीआजीची दाढ व्हती. तुला ठाव हाय," जमुना म्हणाली.

"हाय ना." भगवंत जाळ्याची गाठ आवळत होता. "त्या दाढेवर वाडीत डांबर आला, नळ आला, येष्टीचा थांबा आला. आमदारानं पन येवडं केलं नाय."

"मी नाय बसनार."

"नको बसू. मंगळीला सोबत व्हईल."

तो हे टोचून बोलला नाही. गाठ नीट बसली का ते पाहून त्याने पुढची घेतली.

जमुनाने मग दुसरा बेत केला. आपलं तोंड बंद असलं तरी ठमीआजीचं उघडं असणार. परीक्षकबाईंसमोर आजीच सांगेल. आजी लगेच कबूल झाली. तिला असं बोलवून कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं उन्हात घातलं.

त्या दिवशी वाडी सकाळपासून किनाऱ्यावर होती. कोणीतरी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्या टोपलीकडे तोंड करून होत्या, समुद्राकडे नाही. भगवंतने होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हात लावून तो कपाळाला लावला आणि जमुनाकडे न बघता चढला. जमुना पालथ्या टोपलीवर बसली. काकूने तिच्या गालात सुपारी सरकवली, अख्खी, भाजलेली. मागे इंजिन फटफटलं, मग त्याचा आवाज बारीक होत गेला.

जीप आली. कोरगावकरबाई ठेंगण्या, चष्म्याच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी खुर्ची नाकारली आणि सरळ जमुनापुढे वाळूत उकिडव्या बसल्या.

"किती वेळ बसणार तुम्ही अशा?"

"तिला बोलता येणार नाही," विद्वांस सर म्हणाले. "तेच तर वैशिष्ट्य आहे."

"मग हिला काय वाटतं ते कसं कळणार?"

"माझ्या ग्रंथात आहे. पान एकशे बारा."

बाईंनी सरांकडे पाहिलं. जमुनाने नजरेने ठमीआजीकडे खूण केली. आजी काठी टेकत पुढे आलीच होती.

"ह्या कोण?" बाईंनी विचारलं.

"ह्या? ह्यांनी लहानपणी स्वतः मौन पाळलंय," सर म्हणाले. आपण जिची दाढ पट्टी धरून खोडली ती हीच, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आवाज मऊ केला आणि आजीच्या कानाशी वाकले. "आजी, ह्या बाई तुमच्या नातीला पास करणार आहेत. तुम्ही नीट सांगितलंत तर."

आजीने जमुनाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग सरांकडे. वाडी दोन पावलं पुढे सरकली.

"तुम्ही का बसला होता, आजी?" बाईंनी विचारलं.

"रिवाज हाय," आजी म्हणाली.

"कधीपासूनचा?"

"दर्या हाय तवापासूनचा. माज्या आयची आय बसे. गालात सुपारी धरून मी बसले, आन येवडी मासळी आली का टोपल्या पुरल्या नाय." तिने हात पसरून दाखवलं. "पोर हुशार हाय माजी. पास करा तिला."

वाडीने सुस्कारा सोडला. मागे उभ्या असलेल्या बायकांच्याही मागे, आपल्या घरापुढच्या मांडवाच्या खांबाला टेकून मंगळी उभी होती. ती आत वळली आणि तिने झापाचं दार ओढून घेतलं.

जमुनाची मान ताठ झाली. सुपारी थुंकायची, दोन वाक्यं बोलायची. एवढंच काम होतं. तिने जिभेने सुपारी दातांपर्यंत आणली. तेव्हा तिला जाणवलं की आपले कान मागे लागले आहेत. इंजिनाचा आवाज येत नव्हता. नुसता वारा होता. होडी अजून खाडीच्या तोंडापलीकडे होती आणि होडीत बा होता.

तिला सगळं ठाऊक होतं. साहेब ठाऊक होता, मस्करी ठाऊक होती, कोणी कोणाचा हवाला दिला ते पान क्रमांकासकट ठाऊक होतं.

तिने सुपारी परत गालात नेली आणि ओठ मिटले.

"बघितलंत?" विद्वांस सर हळूच म्हणाले. "सुशिक्षित मुलगी आहे हो. तरी."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांना चारच्या गाडीसाठी पालघर गाठायचं होतं. जीप गेली. त्यानंतर बऱ्याच वेळाने भगवंतची होडी आली, बेताची मासळी घेऊन, आणि कोणीतरी जमुनाच्या खांद्याला हात लावून म्हणालं, ऊठ, झालं.

संध्याकाळी ठमीआजी तिच्या शेजारी येऊन बसली.

"रागावलीस?"

"खोटं कशाला बोललीस, आजी?"

"तू नापास झाली असतीस तर?" आजी म्हणाली. मग थोडी लाजून, "आन येवडी मानसं ऐकत व्हती. दाढ सांगायची म्हंजे कसंतरीच वाटलं."

जमुनाने प्रबंधिका पुरी केली. प्रकरणात तिने प्रथेचं वर्णन जसंच्या तसं ठेवलं. तळटीप एकोणीस तिने नव्याने लिहिली. बोईसरच्या टायपिस्टने ती टाइप करताना मान वर केली.

"मॅडम, ये नीचेवाला भी डालना है? सब लोग काट देते हैं."

"डालना है."

विद्वांस सरांनी प्रत्येक पानाच्या तळाशी बोट फिरवून तळटिपा मोजल्या. क्रमांक सलग होते. त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षा हिवाळ्यात झाली, सरांच्याच खोलीत. कोरगावकरबाई पुन्हा आल्या होत्या. सरांनी प्रास्ताविक केलं, त्यात स्वतःच्या ग्रंथाची चौथी आवृत्ती येत असल्याचं सांगितलं, आणि सह्यांचा कागद बाईंपुढे सरकवला.

"माझ्या मते औपचारिकताच आहे," ते म्हणाले. "आधार पक्के आहेत."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. दुसऱ्या हाताने त्या पानं चाळत होत्या. एका पानावर हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

'१९. ठमी, वय सुमारे ऐंशी. पहिली मुलाखत, वैशाख, घराचा ओटा: दाढ दुखत होती. दुसरी मुलाखत, श्रावण, समुद्रकिनारा: प्रथा आहे. दोन्ही विधाने जुळत नाहीत. संशोधिका दोन्ही वेळी हजर होती. दुसऱ्या वेळी ती बोलली नाही. होडी परत आली नव्हती.'

बाईंनी ते दोनदा वाचलं असावं, कारण सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"होडी परत आली?" त्यांनी विचारलं.

"आली," जमुना म्हणाली.

"मग बोललात?"

"तोवर तुमची जीप गेली होती."

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं, सह्यांचा कागद घडी न करता बाजूला ठेवला आणि खुर्ची जमुनाकडे वळवून घेतली.

"सर, तुम्ही जरा चहाचं बघता का?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वेळ लागेल."