माझ्या पोटातले जंगल

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझे तारुण्य बावड्यातील हिंदुरावांच्या किराणा दुकानात, लिमलेटच्या गोळ्या पोटात घेऊन गेले. मुले माझ्याकडे मोठ्या प्रेमाने पाहत. ते प्रेम गोळ्यांवर होते, हे मला फार उशिरा उमगले. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या आणि हिंदुरावांनी मला शाळेला दान केले. निरुपयोगी वस्तू शिक्षणाला अर्पण करण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे.

१९९४ साली विज्ञानाच्या राजेश्वरीबाई आंबोलीजवळच्या माहेराहून परतल्या, डब्यात मूठभर रानमाती घेऊन. सोबत शेवाळ, एक चिमुकले नेचे, कुजकी पाने आणि त्यांत दडलेला एक वाणी. वाणी म्हणजे तो असंख्य पायांचा, हात लागताच वेटोळे करणारा किडा. हे सारे माझ्या पोटात घालून, थोडे पाणी शिंपडून बाईंनी झाकण घट्ट लावले आणि मला सातवीतल्या योगिनीच्या हवाली केले. इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत झाकण उघडायचे नाही, ही अट. हे जंगल खतपाण्यावाचून जगेल, असे योगिनीने भर वर्गात सांगून टाकले होते. वर्ग हसला होता.

तिच्या घरच्या खिडकीत मी आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस पाहिले. उजाडले की पाने वाफ सोडत. ती माझ्या काचेवर जमे आणि थेंब होऊन खाली उतरे. कालव्याच्या आवर्तनाची वाट न पाहता माझ्या पोटात रोज पाऊस पडे! पान गळे, वाणी ते कुरतडे. बुरशीचे पांढरे धागे ते विरघळवून पुन्हा मुळांच्या हाती देत. बाई सांगत, मोठ्या वर्षावनातही हेच चालते. तिथली माती गरीब असते. सारी श्रीमंती जिवंत झाडांत आणि गळालेल्या पानांत फिरती असते.

प्रदर्शनाला महिना उरला असताना योगिनीच्या वडिलांनी, दादासोंनी, झाकण उघडले. ते ऊसकरी गृहस्थ. त्यांनी कुजकी पाने वेचून अंगणात पेटवली. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, दिसले की काडी ओढणे हा ऊसपट्ट्यातील हाताचा विचारापूर्वीचा व्यवहार आहे. आठवड्यात शेवाळ काळे पडले आणि नेचे मान टाकून बसले.

"आबा, कुणी उघडली ही?"

"मी. किती पाचट साठलं हुतं आत. झाडलोट नगं?"

"जंगलात कोण झाडू मारतं?"

दादासो हळूच म्हणाले, "चिमूटभर युरिया बी टाकलाय. उपाशी कसं ठिवायचं?"

योगिनी हसावे की रडावे या विचारात राहिली. बापलेकीने मिळून माती तीनदा धुतली. विहिरीजवळच्या उंबराखाली कधी कोणी झाडत नसे. तिथली पांढऱ्या धाग्यांची ओली पाने दादासोंनी ओंजळीत आणली. दुसऱ्या दिवशी मोरीपाशी ते वाकले आणि तळहात पुढे करून म्हणाले, "ह्यो घे तुजा कामगार. पळून आलता हितं." तळहातावर वाणी वेटोळे करून निवांत होता.

तीन आठवड्यांनी माझ्या काचेवर पुन्हा वाफ धरली, आणि नेच्याने गुंडाळलेला एक कोवळा कोंब वर काढला. योगिनी त्या दिवशी शाळेपर्यंत पळत गेली.

इंदापुरात पहिला क्रमांक थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळाला. त्यातून धूर निघत होता. परीक्षकांनी मला पाहून विचारले, "खत कोणतं घातलंय?"

मागे उभे असलेले दादासो म्हणाले, "पाचट, सायेब."

परीक्षकांनी ते लिहून घेतले नाही. सोबत आलेल्या वर्गाने मात्र टाळ्या वाजवल्या, हसणाऱ्यांनी सर्वांत आधी.

त्या वर्षी दादासोंनी अर्ध्या एकरातले पाचट पेटवले नाही. बांधावरून कोणी टोमणा मारला, "काय दादासो, रान झाडायला सवड न्हाय व्हय?" तेव्हा ते उसात शिरता शिरता म्हणाले, "जंगलात कोण झाडू मारतं?"

मित्रांनो, मी आता शाळेच्या कपाटावर आहे. माझ्या पोटात अजून पाऊस पडतो. माझ्यावर माया असेल, तर काच बाहेरून पुसा. आतले काम आतल्यांना येते.