वुकाशिनच्या वाट्याचा थेंब

मी एक जुनी घासणी आहे. बीच झाडाच्या लाकडाची पाठ, झाडाच्या मुळांचे राठ केस आणि खुंटीला अडकवण्यासाठी टोकाशी एक भोक, एवढाच माझा देह. मित्रांनो, मी तुम्हाला ज्या शनिवारची गोष्ट सांगणार आहे, त्या दिवशी मी सगळे पाहिले, सगळे ओळखले, आणि तरी मला ओरडता आले नाही. ते आठवले की माझे उरलेसुरले केस अजून ताठ होतात.

माझा जन्म चाचाक गावच्या बाजारामागच्या एका बोळात झाला. तिथे ओब्राद नावाचे म्हातारे कारागीर बसत. लाकडाला एकेक भोक पाडायचे, मुळांची जुडी दुमडायची आणि तारेने आत खेचायची. दिवसाला चार घासण्या झाल्या तर खूप. मी फळीवर नवी कोरी बसले होते, तेव्हा डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक बाई आत आली. तिचे नाव स्तानोयका.

"ओब्राद, तशीच दे."

"तशीच म्हणजे कशी?"

"मागच्यासारखी. मध्ये जत्रेतून प्लास्टिकची आणली होती. गरम पाणी लागलं आणि तिचे दात वाकले, तुझ्या आजीसारखे."

"माझ्या आजीला दातच नव्हते."

"मग तशीच झाली म्हण ना महिन्याभरात!"

अशी मी तिच्या घरी गेले. मी तिची चौथी. स्तानोयका भुलून काही घेणारी नव्हती. कपड्यांचा पिवळा साबण, धुण्याचा सोडा आणि ओब्रादची घासणी, एवढेच ती आयुष्यभर पुन्हा पुन्हा घेत आली. लाकडी जमीन, कोबी आंबवण्याचे पिंप, दाराची पायरी, सगळे मी घासले. घासून झाले की ती मला स्वच्छ धुवायची, झटकायची आणि केस खाली करून टांगायची. पाणी लाकडात मुरू नये म्हणून. शेजारणी म्हणायच्या, "तुझ्या जमिनीवर भाकरी ठेवून खावी गं!" तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे मुलाचे, रादोयेचे लग्न झाले. सून ल्युबिंका चांगली होती, कामसूही होती. पण तिने रंगीत फवाऱ्यांच्या बाटल्या आणल्या आणि मी सरपणाच्या खोलीत गेले. कोळी माझ्यावर जाळी विणू लागले. वर्षातून चारदाच माझी आठवण होई. मृतांच्या शनिवारी, म्हणजे गेलेल्यांच्या कबरीवर जेवण घेऊन जायच्या दिवशी, वुकाशिनची कबर घासायला.

वुकाशिन म्हणजे स्तानोयकाचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याच्या कबरीवर पांढरा संगमरवर होता आणि भोवती सिमेंटची कडा. संगमरवराला साबण आणि पाणी. कडेवरच्या शेवाळाला मात्र ॲसिड, पाणी घालून सौम्य केलेले. संगमरवराला तिने त्याचा थेंब कधी लागू दिला नव्हता. "दगड खातं ते," असे ती म्हणे.

ॲसिडचा डबा जड होता. तो घेऊन तिच्या गुडघ्यांना कबरस्तानाची टेकडी चढवेना. म्हणून तिने एक चूक केली. आमच्या भागात घरोघर होते तशीच चूक. आलुबुखाराची घरची दारू, राकिया, कुणी विकत आणत नाही, त्यामुळे तिला ठरलेली बाटली नसते. मिळेल त्या बाटलीत राकिया भरायची आणि रिकाम्या झालेल्या बाटलीत मिळेल ते भरायचे. स्तानोयकाने राकियाच्या बाटलीत ॲसिड भरले आणि ओळख राहावी म्हणून गळ्याला लाल चिंधी बांधली.

नोव्हेंबरमधला तो शनिवार थंड होता. ती सकाळीच वर आली. कडा घासली, संगमरवर धुतला. मग चिंधीची बाटली तिने कबरीच्या उभ्या दगडाआड ठेवली, मला कडेवर वाळत टाकले आणि टेकडीच्या दुसऱ्या टोकाला आईबापांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला गेली.

तेवढ्यात ल्युबिंका जेवणाची टोपली घेऊन आली. तिने कबरीवर पांढरे कापड अंथरले. गोड शिजवलेला गहू, पोगाचा नावाची जाड भाकर, भाजलेले मांस, छोटे पेले, सगळे मांडले. आणि तिला दगडाआडची बाटली दिसली.

"काय हे आईंचं! मळकी चिंधी काय बांधलीय! लोक बघतील तर काय म्हणतील?"

तिला वाटले, सासूबाईंनीही राकिया आणली असेल आणि बाटली फुटू नये म्हणून चिंधी गुंडाळली असेल. तिने गाठ सोडली, चिंधी खिशात घातली, बाटली एप्रनच्या टोकाने पुसून लखलखीत केली आणि पेल्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. खरी राकिया अजून टोपलीत, भाकरीखाली होती.

मित्रांनो, त्या बाटलीतला वास माझ्या केसाकेसात होता. मी कडेवर पडून पाहत राहिले.

मग तिहोमिर आला. वुकाशिनचा धाकटा भाऊ. नाक सर्दीने चोंदलेले, गळ्याला मफलर. दोघा भावांचे एकोणीस वर्षांचे भांडण. बापाच्या वेळचा राकिया गाळायचा तांब्याचा हंडा दोघांच्या मालकीचा होता. तो वुकाशिनने भावाला न विचारता विकला आणि ट्रॅक्टर घेतला. तेव्हापासून तिहोमिर त्याच्याशी बोलला नाही. कबरीवर यायचा तो वहिनीसाठी. आमच्याकडे रीत अशी, की पिण्याआधी मेलेल्यासाठी जमिनीवर एक थेंब सांडायचा. तिहोमिरने सहा वर्षांत तो कधी सांडला नव्हता. पेला उचलायचा आणि एका दमात रिकामा करायचा.

"काका, बसा. रादोये गाडी लावून येतोच," ल्युबिंका म्हणाली.

"तो गाडी लावेपर्यंत मी गोठून इथेच जागा अडवीन. ओत पोरी."

तिने दोन पेले भरले. पाण्यासारखे नितळ. आजूबाजूला धुपाचा आणि मेणबत्त्यांचा धूर होता. तिला वास आला नाही, त्याला तर येणारच नव्हता.

तिहोमिरने पेला उचलला. उंच केला. मी माझे सगळे केस दगडात रुतवले. वारा तरी यावा आणि पेला तरी पडावा, एवढेच मागत होते. वारा आला नाही.

"थांबा भावजी!"

स्तानोयका होती. कबरींमधून लंगडत येत होती. बाटली तिला दिसली का? नाही. तिला एवढेच दिसले, की दीर याही वर्षी रीत मोडतोय.

"आधी त्याला द्या."

"सुरू झालीस वहिनी?"

"एक थेंब! तुमचं काय जातंय?"

"माझा हंडा गेलाय. ज्याने बापाचा हंडा विकला, त्याला माझ्या हातून राकिया नाही. आणि जिवंतपणी काय कमी प्यायला? माझ्याही वाटणीची प्यायला." त्याने पेला ओठांपाशी नेला. ल्युबिंकानेही आपला उचलला.

स्तानोयका जवळ येऊन उभी राहिली. ती चिडली नाही. हळू म्हणाली, "नका देऊ. मी देते ना. दरवर्षी दोन थेंब टाकते. एक माझा आणि एक तुमच्या नावाचा. त्याला वाटतं, तुम्हीच दिलात."

तिहोमिरचा हात ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला.

"माझ्या नावाने?"

"सहा वर्षं झाली."

"मेलेल्या माणसाला फसवतेस?"

"तुम्ही फसवायला लावता."

त्याने दगडावरच्या नावाकडे पाहिले. मग मफलर सैल केला आणि पेला कबरीवर धरला.

"घे, हंडाविक्या. ही खरी माझी आहे," असे म्हणून त्याने एक थेंब नाही, अर्धा पेला ओतला.

दगड फसफसला. कापडाच्या कडेला, वुकाशिनच्या नावाखाली, पांढरा फेस उसळला आणि सापासारखा फुत्कार आला. क्षणभर कुणालाच कळले नाही. मग स्तानोयका किंचाळली, "ल्युबिंका, टाक! टाक तो पेला!"

पेला गवतात पडला. तिहोमिरनेही आपला फेकला. स्तानोयका कडेवर, माझ्याच शेजारी बसली.

"आई, चिंधी मी काढली," ल्युबिंका रडू लागली. "घाण दिसत होती म्हणून..."

"तू चिंधी काढलीस. प्यायच्या बाटलीत हे भरलं कुणी? मी. गप्प बस, पोरी. माझी चूक."

तिहोमिर मात्र हसत होता. हसता हसता त्याचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. "बघ वहिनी," तो म्हणाला, "आजही माझ्या वाटणीची त्यानेच घेतली."

मग तो गुडघ्यांवर टेकला. "घासणी कुठाय?"

स्तानोयकाने मला त्याच्या हातात दिले. त्याने बादलीतले सगळे पाणी दगडावर ओतले आणि घासू लागला. आयुष्यात त्याने कधी काही घासले नसावे. त्याने मला उलटसुलट कसेही धरले होते. तो घासत होता आणि पुटपुटत होता. एकोणीस वर्षांचे बोलायचे राहिलेले. बाकीच्या दोघी दूर जाऊन उभ्या राहिल्या. ते बोलणे फक्त मी ऐकले आणि ते मी कुणाला सांगणार नाही.

डाग गेला नाही. तिथला दगड अजून निस्तेज आहे.

माझे केस आता झिजले आहेत. त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात तिहोमिर ओब्रादकडे गेला आणि म्हणाला, "वहिनीकडे आहे तशीच दे." कबर आता तो घासतो. नवी घासणी टणक आहे, प्रामाणिक आहे. मला तिचा हेवा नाही.

तर मित्रांनो, घासणी घ्याल तर चांगली घ्या, काम झाले की धुऊन केस खाली करून टांगा, ती वर्षानुवर्षे साथ देईल. पण घासायचे ॲसिड पिण्याच्या बाटलीत कधी भरू नका. डब्यावर नाव लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि डबा दूर ठेवा. आम्ही घासण्या रात्रंदिवस तुमच्या घरात असतो, सगळे पाहतो, सगळे ओळखतो. पण आम्हाला ओरडता येत नाही.