जित्या बाईचं पाणी

जुन्या बसचं हे फिरतं घर एवारिस्तोनं स्वतःच्या हातांनी केलं होतं. मागे पलंग, मध्ये शेगडी, खिडकीशी फ्रिज. त्या फ्रिजवर आता त्याचा सक्त पहारा असे. बायकोची, नेलिदाची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. एक दिवसाआड डायलिसिस आणि पाणी अगदी मोजून. जरा जास्त झालं की अंगाला सूज, छातीत पाणी, मग धाप. आजही संध्याकाळपर्यंत सान हुआन शहर गाठायचं होतं, कारण उद्या पहाटे मशीनची पाळी होती.

सकाळपासून झोंदा, डोंगरावरून उतरणारा कोरडा गरम वारा, सुटला होता. दरीत झाडाचं नाव नाही, काचेवर नुसती धूळ. नेलिदा बर्फाचा खडा ओठांवरून फिरवत शेजारी बसली होती. तिच्यादेखत नको म्हणून मघाशी एवारिस्तो टायर बघायच्या निमित्तानं गाडीमागे जाऊन माते, तो कडू पाल्याचा चहा, पिऊन आला होता.

"काय रे, टायर कडू होतं की साखर घातली होतीस?"

त्याला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

"म्हाताऱ्या, मी उद्या मशीनवर जाणार नाही. उद्या नाही, परवा नाही. मला माहेरी ने."

"ऊन लागलंय तुला."

"तीन वर्षं लागलंय. डॉक्टरीणबाईंना सांगून झालंय. तुलाच सांगायचा धीर होत नव्हता."

"आणि मी काय करू? तुझं मढं घेऊन गाडी हाकत बसू?" तो ओरडलाच. त्यानं फाट्यापर्यंत गाडी भरधाव हाकली.

फाट्यावर दिफुन्ताचं, म्हणजे ‘मेलेल्या बाईचं’, लहानसं देऊळ होतं. रानात तहानेनं मेली ती बाई, म्हणून तिच्यापुढे पाणी ठेवल्याशिवाय इकडे कुणी गाडी पुढे नेत नाही. उजवीकडे शहर, डावीकडे नेलिदाच्या माहेरची दरी. एवारिस्तोनं गाडी थांबवली आणि फ्रिजमधून तीन गार बाटल्या काढल्या. हिला जगव, मी पाणी आणत राहीन, असा त्याचा नवस होता.

"वा रे न्याय! मेलेल्या बाईला गार बाटल्या, आणि जित्या बायकोला बर्फाचा खडा!"

तो बाटल्या घेऊन उतरला. देवळाभोवती बाटल्यांचा ढीग पडला होता. कित्येकींतलं पाणी उन्हानं हिरवं झालं होतं. त्यानं दोन बाटल्या ठेवल्या. तिसरी मात्र हातातून सुटेना, तिचा गारवा तळव्याला झोंबत होता.

"राग मानू नकोस, बाई," तो पुटपुटला, "ही माझ्या घरच्या बाईची."

परत येऊन त्यानं मोठा पेला काठोकाठ भरला. आपण काय देतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नेलिदा घटाघटा प्याली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणीसुद्धा तिनं बोटानं टिपून चाटलं.

"अजून."

त्यानं ओतलं. मग किटली चढवली, मातेचं भांडं भरलं आणि तिच्या समोरच बसून प्याला. दुसरं भरून तिच्या हातात दिलं.

शहराकडे वळायचा उजवा दिवा सवयीनं चालूच राहिला होता. एवारिस्तोनं तो बंद केला आणि गाडी डावीकडे घातली.