टेबलाला लागलेली काच

नाल्याच्या उतारावर बैलगाडी एका बाजूला कलली आणि नंदुरबार स्टेशनवरून कडब्यात गुंडाळून आणलेली काच जागच्या जागी फुटली. दलसिंग म्हणाला, आवाजसुद्धा मोठा नाही झाला, बाईच्या बांगड्या वाजाव्यात एवढाच.

सत्तावन्न साल असेल. मी तेव्हा रतिलाल शेठच्या खळ्यात त्यांचं सागवानी टेबल पॉलिशला घेतलं होतं. शेठ तापीकाठचे, कापूस-केळीवाले, कापसाच्या कामाला सुरतेला गेलेले. दलसिंग त्यांचा सालदार, मूळचा सातपुड्यातल्या काठी गावाकडचा. जाताना शेठ त्याला बजावून गेले होते, टेबलावर टाकायची काच धड आली तर होळीला काठीला जा. फुटली तर तुझी होळी इथंच, खळ्यात.

आणि दलसिंगला जाणं भाग होतं. त्याची बायको रूपलीबाई पावसाळ्यात मरता मरता वाचली, तेव्हा त्यानं काठीच्या होळीत नाचायचं मानलं होतं. नवसाची पालनी सुरू होती. खाटेवर झोपायचं नाही, बाईजवळ जायचं नाही, खोटं बोलायचं नाही.

मी म्हटलं, सांगून टाक शेठला, मोटारवाल्यानं धक्का दिला म्हणून. तो तुकडे वेचत होता, तसाच थांबला.

"मन्हं तोंड बांधेल शे, छगनभाऊ."

आता माझी ख्याती अशी की लग्नात व्याह्याच्या जोड्यात बेडूक निघाला तर आधी मला शोधतात. थापा मारणं हा माझा जोडधंदाच. पण खरं बोलून माणूस फसवायचा, हे कधी जमवलं नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"कूट ती काच," मी म्हटलं.

नाकातोंडाला फडकी बांधून आम्ही सगळी काच कुटली, चाळली. जुन्या धोतरावर सरस फासला, वर काच भुरभुरली, उन्हात वाळवली. झाला घरचा काचकागद. त्यानंच टेबल घासलं, आधी जाड कणानं, मग पिठासारख्या बारीक कणानं.

मग लाखेचं काम. चपडा स्पिरिटमध्ये घालून बाटली दोन दिवस उन्हात ठेवली होती, मधासारखी दिसत होती. कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, जवसाच्या तेलाचा एक थेंब द्यायचा आणि गोल गोल फिरत राहायचं. थांबलात की चिकटलात. पहिल्या दिवशी लाकूड नुसतं ओलं वाटतं. तिसऱ्या दिवशी उजेड आत जातो आणि तिथंच रमतो. पाचव्या दिवशी टेबल राहिलंच नाही, चार पायांवर डोह उभा होता. खळ्यातला निंब उलटा होऊन त्यात उतरला. पोपटांचा थवा लाकडाच्या आतून उडत गेला. कोंबडी वर चढली, पाणी समजून चोच मारली आणि लाजून उतरली. थोडा स्पिरिटचा वासही डोक्यात गेला असेल माझ्या. पण दलसिंग शुद्धीवर होता, आणि तोही कडेला वाकून कितीतरी वेळ आत बघत होता. म्हणाला, तळच दिसत नाही.

शेठ आले. टोपी काढली, टेबलात बघून नीट घातली.

"काच बरोबर बसाडी का रे, दलसिंग?"

दलसिंगनं माझ्याकडे बघितलं. मी निंबाकडे.

"सगळी काच टेबलले लागी गई, शेठ. कण नई उरना."

शेठ खूश. दलसिंगनं नाचायचा मोरपिसांचा टोप आणि कमरेला बांधायचे वाळके भोपळे उचलले आणि निघाला.

तो गावाबाहेर पडला असेल नसेल, शेठनं चहाचा गरम कप टेबलावर ठेवला. उचलला तर खाली पांढरं कडं, पुनवेच्या चंद्रासारखं. त्यांनी बोट फिरवलं.

"छगन, काचले चहा पोळस का?"

"कोवळी शे अजून, शेठ."

ते हसले नाहीत. घोडं पाठवलं असतं तर दलसिंग तापीच्या अलीकडेच सापडला असता. शेठ वाकले, चंद्राशेजारी स्वतःचं तोंड बघत राहिले. मिशीवरून हात फिरवला.

"लागी गई म्हने," ते पुटपुटले, आणि मग पोट हलेपर्यंत हसले. घोडं पाठवलं नाही. डागही मला पुसू दिला नाही.

होळीनंतर पाचव्या दिवशी दलसिंग आला. नाचताना अंगाला फासलेली राख कानामागे तशीच. पालनी सुटली होती, आता वाटेल ते बोलायला मोकळा. तो थेट शेठपुढे उभा राहिला.

"शेठ, काच नालाम्हा फुटी गई व्हती."

"माले माहीत शे. टोप घाल आन् आठे वाक."

दलसिंग वाकला. लाकडाच्या आत, त्या पांढऱ्या चंद्राभोवती, मोराचा पिसारा उलगडला. शेठही त्याच्या शेजारी वाकले.

"तळ दिसस का रे?"

"नई, शेठ," दलसिंग म्हणाला. पालनी सुटली होती, तरी खरंच बोलला.