भीतीसाठी एकच तार

शरद ऋतूची सायंकाळ. डोंगरउतारावर रुपेरी तुऱ्यांचं गवत, गवतावर ताम्रवर्णी ऊन, आणि खाली दूरवर निळा-करडा, धूसर, निद्रिस्त समुद्र. कुरामोचींच्या अंगणातलं झाड केशरी फळांनी लगडलं होतं आणि फांदीफांदीतून उजेड ठिबकत होता. अशा वेळी जपानात माणसं हातातली कामं टाकून ओसरीवर बसतात आणि गवतातल्या किड्यांचं गाणं ऐकतात.

तोकुजीही बसला होता. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून तो बायकोला म्हणाला, "यंदा किड्यांना काय कंठ फुटलाय बघ."

हिसाएने कान दिला. वारा ऐकू आला. समुद्र ऐकू आला. नवऱ्याने घेतलेला चहाचा भुरका ऐकू आला. गवत मात्र मुकं होतं. रुपेरी, डोलणारं, मुकं. "हो ना," ती म्हणाली, आणि तिच्या पोटात खड्डा पडला.

त्या खड्ड्यात तिचं सगळं आयुष्य मावत होतं. ज्यांना तिकडे ॲनिमे म्हणतात, त्या रंगीत, हलत्या, स्वप्नवर्णी चित्रांना ती जन्मभर संगीत देत आली होती. तरुणपणी साबणाच्या जाहिरातींना चाली लावल्या. मग एका पोरक्या यंत्रमानवाच्या मालिकेची धून केली, आणि ती वाजू लागली की गल्लीगल्लीतली पोरं खेळ अर्धा टाकून घराकडे पळत. पुढे चित्रपट आले, मान आला, केस पांढरे झाले. पण नाव झालं ते भीतीसाठी. कुरामोचीबाई भूत न दाखवता घाबरवतात, अशी वादक थट्टा करत, आणि तिला ती मनातून आवडे.

या कामाची रीत मोठी अजब. चित्रं रंगण्याआधीच संगीत मागितलं जातं. ध्वनिदिग्दर्शक नुसते शब्द पाठवतो: पहाट, निरोप, घरची वाट. डोळ्यांपुढे चित्र नाही, हाताशी फक्त शब्द, आणि त्या शब्दातून सूर काढायचा. या वेळचा चित्रपट हिमाच्छादित डोंगरात आईला शोधणाऱ्या मुलीचा होता. ध्वनिदिग्दर्शक तोदोरोकीने सगळ्यात शेवटी एकच शब्द पाठवला होता. भीती.

हिसाए पियानोपाशी बसली. एकेक पट्टी दाबत ती उजवीकडे सरकत गेली. सूर बारीक होत गेले, विरत गेले, आणि मग बोटाखाली नुसतं लाकूड वाजू लागलं. टक. टक. टक.

कुणाला सांगणार? ज्या संगीतकाराला उंच सूर ऐकू येत नाहीत, तिला काम कोण देणार? तिने तोंडाला कुलूप लावलं, नवऱ्यापाशीसुद्धा. आणि भीतीसाठी तिने जे लिहिलं ते हट्टाने, आठवणीतून लिहिलं. सारी वाद्यं थांबतील. एकटं व्हायोलिन, एकाच तारेवर, उंच, अतिउंच, केसाएवढा बारीक सूर धरून राहील. भीती म्हणजे आता तिला तेवढीच ठाऊक होती: जिथे सूर असायला हवा, तिथली पोकळी.

ध्वनिमुद्रण भर हिवाळ्यात झालं. ढोल घुमले, ते तिला ऐकू आले. रुंद, गंभीर, घनस्वर वाद्यं उसासली, तीही ऐकू आली. मग तिने डावा हात खाली घेतला आणि सगळं शांत झालं. पहिल्या रांगेतल्या ओनुमा या वादिकेने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. गज तारेवरून सरकू लागला. हिसाएला मनगट दिसलं, तार दिसली, तारेवर थरथरणारं बोट दिसलं. दिसलं सगळं, ऐकू काहीच आलं नाही. ती हातातल्या काठीने शांततेला ताल देत राहिली, आणि मग काठी खाली ठेवली.

"छान झालं," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. ओनुमाने मान खाली घातली. काचेपलीकडून तोदोरोकीचा अदबशीर आवाज आला, "सेन्सेई, हाच सूर ठेवायचा?" सेन्सेई म्हणजे गुरू, आणि गुरूची चूक दाखवायची तिथे पद्धत नाही. काहीतरी बिघडलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं, तिला सोडून. काय बिघडलं म्हणून विचारावं, तर बिंग फुटणार.

"हाच."

सगळे जपून, आदराने वाकले. यात गुरूचं काही खोल गणित असणार, असंच त्यांना वाटलं. ओनुमाने तिला जिन्यात गाठलं आणि ती कमरेतून वाकून उभी राहिली. माझा हात थरथरला, सूर मध्येच फुटला, किंचाळल्यासारखा झाला. तुम्ही मला सगळ्यांदेखत सांभाळून घेतलंत, असं म्हणून तिने डोळ्यांत पाणी आणलं. हिसाएने ते आभार मुकाट्याने घेतले. चोरी पचल्यावर चोराला जसं वाटत असेल, तसं तिला जिना उतरताना वाटत होतं.

वसंत आला. गुलाबी, पुष्पभारनम्र झाडांखालून मुलांच्या झुंडी चित्रपटगृहात शिरल्या. हिसाए मधल्या रांगेत नवऱ्याशेजारी बसली. पडद्यावर शुभ्र डोंगर, शुभ्र वाट, शुभ्र आकाश. ढोल घुमले आणि थांबले. मुलीच्या पायाखालचं हिम भेगाळलं.

पुढच्या रांगेतल्या एका लहानग्या पोरीने दोन्ही हातांनी कान झाकले. मग तिच्या बहिणीने झाकले. मग सबंध रांगेने झाकले.

हिसाएला कळलं, तो फुटका सूर वाजतो आहे. तिनेही हात उचलले आणि कान झाकले. मग उघडले. मग पुन्हा झाकले. उघडे काय, झाकलेले काय, काहीच फरक पडला नाही.

तोकुजीने हलकेच तिचे हात खाली घेतले. कानाशी वाकून तो म्हणाला, "अगं, तुझंच संगीत, आणि तूच घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी किडे मला ऐकूच आले नव्हते."

त्याने तिचे हात सोडले नाहीत. समोर झाकल्या कानांची रांग होती, आणि रांगेपलीकडे शुभ्र, संथ, नि:शब्द हिम पडत होतं, पडत होतं.