किशनरावांच्या वावरातला नेपच्यून

आपल्या वावरात नेपच्यून पडलाय, हे किशनरावांना त्यांच्या नातीनं, शिवांगीनं, जेवताना सांगितलं. ती सहावीत. लातूरहून बदलून आलेल्या ज्योत्स्नाबाईंनी पोरांना हाताशी धरून गावभर सूर्यमाला मांडायला घेतली होती, आणि तीही अगदी मापात. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर पिवळी रंगवलेली टोपली, तो सूर्य. पृथ्वी म्हणजे तुरीचा दाणा, ती शाळेच्या फाटकाशीच बसली. मोठं लिंबू म्हणजे गुरू, तो पारावर गेला. आणि सगळ्यांत शेवटी, गावाबाहेर अर्धापूरच्या रस्त्याला, किशनरावांच्या बांधावर निळं रंगवलेलं एक बोर ठेवायचं होतं.

पहिल्याच दिवशी कोंबडीनं पृथ्वी गिळली. म्हणून बाईंनी ग्रहांना राखणदार नेमायचं ठरवलं. युरेनस स्मशानाच्या वळणावर आला होता, तिथं बसायला कोणी तयार होईना. नेपच्यूनचे राखणदार अर्थातच किशनराव.

बोर म्हटल्यावर त्यांचं तोंड जरा उतरलं होतं. पण आपल्यापलीकडं दुसरा ग्रहच नाही, हे कळल्यावर शिवेवरची पाटीलकी मिळाल्यासारखं त्यांना वाटलं. त्यात शनी पडला नेमका देविदासच्या उंबऱ्यासमोर. देविदास म्हणजे गेल्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभा राहिलेला. शनी, वर तो लिंबाचा, आणि तोही दारात! देविदासच्या आईनं, रुक्मिणबाईनं, गल्ली डोक्यावर घेतली. चार घरं पुढं सरकवा म्हणून ती बाईंच्या मागं लागली. पोरांनी दोरी लावून पुन्हा मोजलं, शनी तिथंच आला. किशनरावांनी ही हकिकत हॉटेलात बसून चहाबरोबर ज्याला त्याला ऐकवली.

शनिवारी तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. किशनरावांनी बांध झाडला, खुर्ची मांडली, कडक इस्तरीचं धोतर नेसले. तीन दगडांच्या चुलीवर चहा चढवला, पाहुण्यांसाठी केळीचा घड आणून ठेवला आणि वाट बघत बसले.

कोणी येईना. दोन म्हशी येऊन गेल्या. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवून केळी कशी दिली म्हणून विचारलं. चहाचा काढा झाला. गावाकडून मात्र घंटेचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी बोर सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि तरातरा गावाकडं निघाले.

देविदासच्या दारात जत्रा भरली होती. शनी आपल्या पायानं आलाच आहे तर त्याला राजी ठेवलेलं बरं, असा विचार करून रुक्मिणबाईनं लिंबाला रुईच्या पानांची माळ घातली होती. बायका तेलाच्या वाट्या घेऊन रांगेत उभ्या. साहेबांना साडेसाती चालू होती, तेही डोक्यावर रुमाल टाकून तेल वाहत होते. शनीचं पुठ्ठ्याचं कडं तेलानं लोळागोळा झालं होतं. देविदास खोबरं वाटत होता. हसावं की रडावं ते न कळून ज्योत्स्नाबाई बाजूला उभ्या होत्या.

शिवांगीनं आजोबांना पाहिलं आणि तिचे डोळेच मोठे झाले.

"आबा, नेपच्यून कुठाय?"

किशनरावांनी खिशावर हात ठेवला. "आणला संगं. तिकडं कुणीच येऊन न्हाई राहिलं."

"असं चालत न्हाई, आबा. त्यानं तिथंच पाहिजे. तुमी सगळी सूर्यमाला मोडली."

तिचा आवाज कापरा झाला. मुलाचं, सुनेचं कधी न ऐकणारे किशनराव तिथूनच मागं फिरले. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "ग्रह परत न्यायचा हाय, साहेब. चला संगं."

साहेबांनी उन्हाकडं पाहिलं आणि नांदेडला मीटिंग असल्याचं सांगितलं. बाईंनी मात्र पदर खोचला. पोरं निघालीच, केळी आहेत म्हटल्यावर शनीच्या रांगेतलीही थोडी फुटून आली.

बांधावर शिवांगीनं बोर जागेवर ठेवलं आणि सगळ्यांना मागं वळून सूर्य शोधायला सांगितलं. बराच वेळ कोणाला काही दिसेना. मग एक पोरगी ओरडली, आणि एकेकाला तो सापडत गेला. टाकीवर हळदीच्या कणाएवढा पिवळा ठिपका.

शिवांगीनं खुर्चीत बसलेल्या आबांची हनुवटी धरून तोंड तिकडं वळवलं. "दिसला का?"

किशनरावांनी डोळे बारीक केले, कपाळावर हात आडवा धरला.

"न्हाई दिसला," ते म्हणाले. "पण तू हाय म्हणलीस तर असंल. एवढ्या लांबून ऊन कसं पोचायचं इथं?"

लईच थोडं पोचतं, बाईंनी सांगितलं. नेपच्यूनवर भयंकर गारठा असतो.

ते ऐकून किशनराव उठले, चुलीत दोन काटक्या सारल्या आणि बाईंना म्हणाले, "मग बसा. चहा गरम करतो."