आढीत घातलेली संत्री

सहदेवरावांना लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा चालत नसे. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरी काही घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत, आणि सहदेवरावांची रीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अंजनगाव सुर्जीहून बस बदलत शेंदूरजनाघाटला यायचं, स्टँडवरच्या हॉटेलात चहापाणी उरकायचं, प्रतीक्षाच्या ओट्यावर कोरड्या तोंडानं तासभर बसायचं आणि परतीची बस धरायची. बाप उन्हातून आलाय आणि आपण त्याला घोटभर पाणी देऊ शकत नाही, हे प्रतीक्षाला फार लागायचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि पाळणा हलायची अजून काही चिन्हं नव्हती.

फट होती ती एकच. फळ चालायचं. "फळ झाडाचं असते, घराचं नाही," हे सहदेवरावांचंच म्हणणं. पण ते यायचे तेव्हा नेमकी सासरची संत्र्याची बाग रिकामी असायची, आणि बाजारातलं फळ प्रतीक्षाला त्यांच्यापुढे ठेवायचं नव्हतं. आपल्या बागेतलं, आपल्या हातानं तोडलेलं एक फळ बाबांनी खावं, एवढीच तिची हौस.

दसरा झाला आणि बाबांचा फोन आला. प्रतीक्षाच्या धाकट्या भावाचं, गोपालचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन रविवारी येतो म्हणाले.

झाडं संत्र्यांनी लगडली होती, पण सगळी हिरवी. तोडणीला अजून महिना होता. सासूला, म्हणजे दुर्गाबाईंना, विचारावं तर त्या आठवडाभर बाळापूरला लेकीकडे गेलेल्या, आणि घरी असत्या तरी त्यांच्या तिखट जिभेपुढे विचारायची छाती कोणाची? शिवाय विचारायचं तरी काय! प्रतीक्षा केळीवाल्यांची लेक. कच्चा घड उतरवून घरात पिकवणं, पाडाचे आंबे गवतात घालणं, डोळे उघडलेलं सीताफळ धान्यात दडवणं, या कामात तिचा हात धरणारं माहेरी कोणी नव्हतं. माणूस आपल्याला येत नाही तिथे जपून पाऊल टाकतो. फसतो तो जे येतं त्यात.

तिनं डझनभर संत्री तोडली, कोठीत गव्हांड्यावर, म्हणजे गव्हाच्या काडावर, मांडली, मधे एक पिकलेलं केळ ठेवलं आणि वरून पोतं टाकलं. रविवारी सकाळी पोतं उचललं तर संत्री पिवळी झालेली! ती एकटीच हसली. चाखून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. पहिलं फळ बाबांचं.

सहदेवराव आले, ओट्यावर बसले. तिनं ताटली पुढे केली. "आपल्या बागेतले हायत, बाबा. मीच तोडले."

"असं?" म्हातारा खुलला. संत्र्याचं साल काही केल्या सुटेना, तरी त्यानं ते नखानं सोललं आणि पहिली फोड तोंडात टाकली. त्याचा एक डोळा गपकन मिटला. प्रतीक्षानं घाईनं दुसरं सोलून चाखलं. चिंच परवडली!

सकाळीच बाळापूरहून परतलेल्या दुर्गाबाई दारात आल्या आणि ताटलीकडे बघतच राहिल्या.

"संत्रे आढीत घातले काय वं? ते काय केळ हाय? झाडावरून उतरलं का जसं हाय तसंच राह्यते. सालटं पिवळं होईन, पण गोडी कुठून येईन? मले इचारलं असतं तं!"

प्रतीक्षाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिचे डोळे भरून आले. "टाका ते, बाबा. नका खाऊ."

"कावून टाकू?" सहदेवरावांनी ताटली आपल्याकडे ओढली. "तुह्या हातचं हाय."

आणि ते खात राहिले. एकेक फोड, बिया मुठीत काढत, अख्खं संत्रं संपवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते दुपट्ट्यानं पुसलं. मग लेकीकडे बघून म्हणाले, "दात आंबले, पोरी. पानी आन."

दुर्गाबाईंचा आवाज खाली आला. "पानी, इवाई? नातवाच्या आधी?"

"नातू येईन तवा येईन, इनबाई. दीड वर्षापासून पाहून राह्यलो मी. मी बस धरतो अन् हे दाराआड रडते. दिसत नाही काय मले?"

प्रतीक्षा माठाकडे धावली. धावतच ओट्यापर्यंत येता येता अर्धा गडवा सांडला. उरलेलं पाणी सहदेवरावांनी मान वर करून घटाघटा पिऊन टाकलं, आणि रिकामा गडवा तिच्यापुढे धरला.

"अजून आन."